न हलणारा वाघ

वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, अशी आपली म्हण. पण एका वाघाने कुणाला खाल्लं नाही. तो नुसता बसून राहिला, आणि तेवढ्यानेच उघडा पडला.

ऑक्टोबर २००७. चीनच्या शान्शी प्रांतातल्या झेनपिंग तालुक्यात झोऊ झेंगलाँग या शेतकऱ्याने दक्षिण चिनी वाघाचे फोटो आणले. एकदोन नव्हे, ७१. हा वाघ रानातून संपला असंच तोवर बहुतेक जण धरून चालले होते. प्रांताच्या वनखात्याने पत्रकार परिषद घेतली, झोऊला २०,००० युआन बक्षीसही दिलं.

लोकांनी मात्र ते फोटो शेजारीशेजारी ठेवले. फोटो काढणारा जागा बदलतोय. वाघाचा कान तसाच, पट्टे तसेच, नजरही तशीच. डोळ्यांदेखत माणूस फिरतोय आणि जनावर कानसुद्धा हलवत नाही? एका वनस्पतिशास्त्रज्ञाने तर वाघ सोडून पानंच पाहिली. वाघाच्या डोक्याच्या मानाने ती फारच मोठी होती. पान नेहमीएवढं, म्हणजे वाघच लहान! मला हा माणूस मनापासून आवडतो. सगळे वाघाच्या डोळ्यांत बघत असताना याची नजर झुडपावर.

महिन्याभरात तोच वाघ एका भिंतीवर सापडला. नववर्षाला घरात लावायचं छापील चित्र, आपल्याकडे कॅलेंडरवर देवाचं असतं तसं. जून २००८ मध्ये सरकारने बनाव जाहीर केला. बर्फात ठसे उमटवायला झोऊने लाकडी पंजाही करून ठेवला होता. त्याला शिक्षा झाली, १३ अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

झोऊला हसणं सोपं आहे. मला राहूनराहून ते अधिकारी आठवतात. चित्र ओळखता येऊ नये इतके ते अडाणी नव्हते. त्यांना वाघ हवा होता, म्हणून तो दिसला. शंका काढणाऱ्यांना तेव्हा वाघाचे वैरी ठरवलं गेलं असेल, तर तो अन्यायच. वाघाची खरी चाड त्यांनाच होती.

१९५० च्या दशकात हे वाघ ४,००० च्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. गुराढोरांचा शत्रू ठरवून सरकारनेच त्यांच्याविरुद्ध मोहिमा काढल्या. वाघ मारणाऱ्याला तेव्हा बक्षीस मिळे. आज हा वाघ प्राणिसंग्रहालयांत आणि प्रजननकेंद्रांत तेवढा उरला आहे.