कर कोणावर, भार कोणावर

श्रीमंतांच्या चैनीवर कर बसला की आपल्याला बरे वाटते. बरी जिरली, असे मनात येते आणि आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे नवे दर आले, हौसेच्या यॉटवरचा कर ४० टक्क्यांवर गेला, तेव्हाही हेच झाले. यॉट घेणारा आपल्या नात्यागोत्यात नसतो. पण हा पैसा खरोखर त्याच्याच खिशातून जातो का, एवढी चौकशी तरी आपण करायला हवी. ती न करता मिळवलेले नैतिक समाधान फुकटचे असते.

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९९०च्या अर्थसंकल्पी कायद्याने नव्या नौकेच्या किमतीतल्या १ लाख डॉलरवरच्या रकमेवर १० टक्के चैनकर बसवला. १ जानेवारी १९९१पासून तो लागू झाला. गिऱ्हाइकाने काय केले? नौका घेतलीच नाही, किंवा जुनी घेतली. चैन पुढे ढकलता येते; पगार ढकलता येत नाही. न्यू जर्सीतल्या न्यू ग्रेटना गावी वायकिंग कंपनीचा यॉटचा कारखाना आहे. तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे कामाला होती, ती शंभराच्याही खाली आली. फायबरचे थर चढवणारे, सुतार, इंजिन बसवणारे, वायरिंग करणारे ही माणसे काही यॉट बाळगणारी नव्हती. नौकाधंद्यातल्या सुमारे ७,६०० नोकऱ्या या करापायी गेल्या, असा अंदाज अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त आर्थिक समितीने मांडला. सगळे पाप कराच्या माथी मारणे बरोबर नाही. तेव्हा मंदी होती, आखाती युद्ध होते, धंदा आधीच उतरणीला लागला होता. तरी ऑगस्ट १९९३मध्ये नौकांवरचा हा कर काँग्रेसलाच मागे घ्यावा लागला.

इटलीत २०११च्या अखेरीस मोंती सरकारने १० मीटरहून लांब नौकांवर कर आणला. नौकांनी नांगर उचलले आणि क्रोएशिया, स्लोव्हेनिया, कोर्सिका गाठले. मागे उरले ते दुरुस्तीवाले, डिझेलवाले आणि खानावळवाले. पुढे सवलती देत देत तोही कर रद्द झाला.

याचा अर्थ धनिकांना मोकळे सोडा, असा कोणी काढू नये. आपल्याकडे संपत्तीकर होता. हौसेसाठी ठेवलेली यॉट त्या कायद्याने करपात्र मालमत्ता होती. बाळगतोस तोवर दरसाल भर, असा सरळ हिशेब. २०१५च्या अर्थसंकल्पाने तो करच काढून टाकला. म्हणजे बाळगणाऱ्यावरचा कर गेला आणि बांधणाऱ्याच्या मालावरचा चढला! आणि असे बांधणारे आपल्याकडेही आहेत. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली आणि तीच घेऊन नौदल अधिकारी दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती नौदलासाठी बांधलेली नौका होती. पण नौदल काही रोज नौका मागवत नाही. असे कसबी हात टिकायचे तर हौशी गिऱ्हाईकही लागते.

आणि जो चैन करत नाही, पोटासाठी बोट लोटतो, त्या मच्छीमाराचे काय? फेरीला निघायचे तर बर्फ हवा, शिधा हवा, पिण्याचे पाणी हवे, जाळी दुरुस्त हवीत आणि डिझेल हवे. डिझेलचाच खर्च सर्वांत मोठा. त्या डिझेलच्या भावात केंद्राचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आहे. कोकणातल्या हर्णै बंदराच्या तांडेलाने विचारावे, माझ्या दर्यात कुठला रस्ता बांधलात? राज्याचा व्हॅट शासन परत करते खरे. पण आधी पूर्ण भावाने डिझेल भरायचे, मच्छीमार सोसायटीमार्फत बिले मत्स्यव्यवसाय खात्याकडे धाडायची आणि निधी येईपर्यंत वाट बघायची. परताव्याची थकबाकी ही किनाऱ्यावरची जुनीच रड. मार्च २०२२मध्ये तर घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरमागे २५ रुपयांनी महागले. मुंबईत पंपावर ९४ रुपये भाव असताना घाऊक भाव १२२वर गेला, आणि मच्छीमार सोसायट्या पडल्या घाऊक ग्राहक.

परतावा अडकला म्हणून फेरी थांबत नाही. बोटीचा मालक, नाखवा, दलालाकडून उचल घेतो. उचल घेतली की मासळी त्याच दलालाला घालायची, तो लावील त्या भावाने. सरकार नाखव्याचा पैसा बिनव्याजी वापरते आणि व्याज तो दलालाला देतो. जिथे वाटणीची पद्धत आहे तिथे आधी खर्च वजा होतो, म्हणजे खलाशाचा वाटाही तेवढाच आखडतो. यॉटवाल्याला खरेदी टाळायची मुभा आहे. नाखव्याला नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ६१ दिवसांत गेल्या हंगामाची बिले तपासून पैसे सोसायटीच्या खात्यात टाकणे कोणत्याही खात्याला जड नाही. त्याहून बरे म्हणजे बोटीचा नोंदणी क्रमांक बघून पंपावरच व्हॅट वजा करावा, आणि केंद्राने रस्त्याचा उपकर दर्यावरच्या डिझेलवरून उतरवावा. आणि वाचकहो, मच्छीमारांना सरकार फुकट पैसे वाटते असे कोणी तुमच्यासमोर म्हणाले, तर गप्प बसू नका. ते पैसे त्यांनीच आधी भरलेले आहेत.