कोणत्या गावाची धून

उन्हाळ कांदा निघाला की आमच्या विंचूरच्या उपबाजारात ट्रॅक्टरची रांग आवाराबाहेर रस्त्यापर्यंत येते. अशाच एका सकाळी लिलावाला अजून वेळ होता. माझ्या पुढच्या ट्रॉलीवर बसलेल्या पोराचा फोन वाजला आणि मी बोलता बोलता थांबलो. ‘मालगुडी डेज’ची धून होती. पोरगा पंचविशीच्या आतला असेल. ही मालिका दूरदर्शनवर लागत होती तेव्हा तो जन्मलाही नव्हता. कशाची धून आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, “गावाची आहे काका. कोणत्या गावाची ते नाही ठाऊक, पण गावाचीच आहे.”

मालिकेचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं. तरी त्या धुनेबद्दल मला इतकी वर्षं जे नेमकं सांगता आलं नाही ते तो सहज बोलून गेला.

ज्यांनी ती केली त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही मालिका 1986-87च्या सुमारास दूरदर्शनवर आली. दिग्दर्शक शंकर नाग. हा माणूस कन्नड रंगभूमीचा आणि चित्रपटाचा म्हणून ओळखला जातो, पण मुंबईच्या मराठी नाटकवाल्यांत तो वावरला होता आणि चापेकर बंधूंवरच्या ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता. शीर्षकाच्या वेळी दिसणारी रेखाटनं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. संगीत एल. वैद्यनाथन यांचं, व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम आणि एल. शंकर हे त्यांचे भाऊ. कथांमधलं मालगुडी हे गाव कुठल्याच नकाशावर नाही, म्हणून शंकर नाग यांनी ते शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे या पावसाळी गावात उभं केलं. 1990 साली मोटार अपघातात ते गेले, तेव्हा वय पस्तिशीचं होतं.

धुनेत माणसाचा आवाज आहे, पण शब्द नाहीत. अर्थ नसलेली अक्षरं गुणगुणत जाणारा तो आवाज वाद्यांमधलंच एक वाद्य होऊन जातो. शाळा सुटलेला मुलगा दप्तर खांद्यावर टाकून लांबच्या वाटेने घरी निघावा, तशी तिची चाल.

आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता आणि आमची आजी तिथे ओट्यावरच बसून राहायची. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, हिंदी तर येतच नव्हतं. पण धून सुरू झाली की ती गल्लीत हाक मारायची, “चला रे, पोराचं लागलं!” मालिकेतल्या स्वामी नावाच्या मुलाचा चेहरा तिने कधी धड पाहिला नाही. शेंगा फोडत, पाठ भिंतीला टेकवून ती तेवढी धून ऐकायची आणि मग आतल्या बोलण्याकडे तिचं लक्ष नसायचं. मला आता वाटतं, त्या घरात मालिकेचा सर्वांत जवळचा श्रोता तीच होती. शीर्षकसंगीत मुळात पडद्यासमोर बसलेल्यांसाठी नसतंच. जो चुलीपाशी आहे, गोठ्यात आहे, गल्लीच्या टोकाला आहे, त्याला बोलावण्यासाठी ते असतं.

आपण मराठी माणसं अशा बिनशब्दांच्या संगीताकडे दुर्लक्ष करतो, याला कारण आहे. आपला कान शब्दांवर पोसलेला. यशवंत देवांनी पुस्तकाला नाव दिलं ‘शब्दप्रधान गायकी’, आणि ते नाव आपल्या सगळ्या भावगीतांना शोभतं. पुढे मराठी मालिकांनीही शीर्षकगीताचीच वाट धरली. ‘आभाळमाया’चं गीत मंगेश कुळकर्णी, अशोक पत्की आणि देवकी पंडित या तिघांच्या नावांसह आपल्याला आठवतं, आणि आठवावं असंच ते आहे. पण नुसती धून असली की ती कोणाची हे आपण विचारतही नाही. जणू शब्द नाहीत म्हणजे सांगणाराही नाही.

हे आपल्या गावाच्या जुन्या सवयीला धरून नाही. देवळातला चौघडा प्रहर सांगायचा तो शब्दांवाचून. संबळ वाजला की गोंधळी आले, सनई वाजली की मांडवात वरात आली, हे कोणी गाऊन सांगत नव्हतं. बिनशब्दांच्या आवाजावर गाव उठत होतं, जमत होतं, पांगत होतं. वैद्यनाथन यांची धून मी त्या चौघड्याशेजारी ठेवतो. मद्रासकडच्या माणसाने केलेली, कर्नाटकातल्या गावासाठी वाजलेली, इंग्रजी कथांवरच्या हिंदी मालिकेची ती धून माझ्या आजीला परकी वाटली नाही. तिच्यात एक जरी हिंदी ओळ असती, तरी ती आजीला परकीच राहिली असती.

विंचूरला नाव कमी नाही. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांचं घराणं या गावावरून विंचूरकर म्हणवलं. पुण्यातल्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक राहिले. कांद्याच्या भावात लासलगावच्या जोडीने आमचं नाव येतं आणि एमआयडीसीच्या वाइन पार्कमुळे द्राक्षांसोबतही येतं. पण गावाचं असं काही ऐकू येत नव्हतं. मालगुडीची धून लागायची तेव्हा मला आगुंबे दिसत नसे; आमची वेस, वाड्याची भिंत आणि लासलगाव स्टेशनकडे जाणारा रस्ता दिसे. लहान गावालाही स्वतःचं संगीत असू शकतं, ही गोष्ट मला त्या धुनेने पहिल्यांदा सांगितली. अजूनही तिच्याबद्दल कृतज्ञता वाटते ती याचमुळे.

मात्र आजच्या विंचूरला ती बसणार नाही, हेही खरं. तिच्यात घाई नाही आणि आमच्या नाशिक–येवला रस्त्यावर रात्रभर ट्रक थांबत नाहीत. भाव पडला की ट्रॉली परत न्यावी की मिळेल त्याला द्यावी, याचा निर्णय दोन मिनिटांत करायचा असतो. त्या पोराच्या फोनमधलं गाव त्यालाही राहायला मिळालेलं नाही. म्हणूनच कदाचित त्याने ते फोनवर ठेवलं असेल.

इथल्याच एखाद्या मुलाने आमची धून करावी असं मला फार वाटतं. लिलावातला चढत जाणारा पुकारा, चाळीत कांदा ओतल्याचा खळखळाट, पहाटे पंपाची मोटर सुरू होतानाचा घुमारा, रात्री गिअर बदलणारे ट्रक, आणि या सगळ्याच्या खाली संबळ. शब्द घालू नयेत.