वजीर परत द्यावा काय?

रात्री दहानंतर मी बुद्धिबळ खेळतो. 'खेळतो' हे माझं म्हणणं, सौ.च्या मते मी मोबाइलकडे बघून सुस्कारे टाकतो. लिचेस नावाचं एक संकेतस्थळ आहे. 2010 साली एका फ्रेंच गृहस्थांनी ते सुरू केलं. फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. बँकेत नोकरी करणाऱ्याला 'फुकट' या शब्दाबद्दल जी शंका येते ती मलाही आली होती, पण इतक्या वर्षांत कुणी सर्व्हिस चार्ज मागितलेला नाही. नव्या खेळाडूला तिथे 1500 गुण आरंभीची शिल्लक म्हणून मिळतात. माझ्या खात्यात सध्या 1180 आहेत. बी. कॉम. झालेल्या माणसाने भांडवल असं खाऊन टाकावं हे शोभत नाही, मला मान्य आहे.

माझी शैली म्हणाल तर सरळ आहे. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट, मग वजीर, आणि समोरच्या राजाशेजारच्या उंटापुढचं जे प्यादं असतं त्याच्यावर धाड. समोरचा पेंगत असेल तर चौथ्या खेळीला मात होते. जागा असेल तर माझा वजीर उरलेला वेळ जीव वाचवत पटभर फिरतो. ऑडिट आलं की आमचे साहेब शाखेत फिरतात, तसा.

तर झालं असं. दहा मिनिटांचा डाव होता. समोर पोर्तुगालचा झेंडा लावलेला कुणीतरी. माझा एक हत्ती केव्हाच गेला होता आणि मी हरण्याच्या तयारीला लागलो होतो. एवढ्यात त्या गृहस्थांनी आपला वजीर आणून माझ्या प्याद्याच्या तोंडात ठेवला. कुणालाही कळलं असतं की त्यांना शेजारचं घर हवं होतं, बोट घसरलं. लगेच माझ्या पडद्यावर विनंती आली, खेळी मागे घेऊ द्याल का? खाली दोन खुणा, एक होकाराची, एक नकाराची.

मी कुठलीच दाबली नाही. वजीर मारला.

सात गुण मिळाले आणि झोप गेली.

आमचे आजोबा ओटीवर पट मांडून बसत. हात लावला की ती सोंगटी खेळलीच पाहिजे, हा त्यांचा कायदा, आणि जागतिक संघटनेचाही तोच आहे. पण कुणाच्या सदऱ्याच्या बाहीने उंट कलंडला तर आजोबा स्वतः तो उचलून जागेवर ठेवत. म्हणत, "हात वेगळा, बाही वेगळी." मोबाइलच्या काचेवर घसरलेलं बोट हे हातात धरायचं की बाहीत? आजोबा असते तर विचारलं असतं.

मोठ्यांकडे पाहावं तर तिथेही पंचाईत. 1994 साली स्पेनमधल्या लिनारेसला कास्पारोव्हने घोडा ठेवला, बोटं सुटली, आणि क्षणात त्याने तो उचलून दुसरीकडे ठेवला. समोर 17 वर्षांची युडित पोल्गार होती. ती गप्प राहिली आणि डाव हरली. बोटं सुटल्याचं नंतर चित्रफितीत दिसलं. त्या मानाने माझ्या पोर्तुगीजाने निदान विचारलं तरी होतं.

खरं सांगायचं तर झोप कास्पारोव्हमुळे गेली नव्हती. 2009 साली मी कॅशला होतो. एका दुपारी नोटा मोजायचं यंत्र बिघडलं आणि माझ्या हातून एका खातेदाराला दहा हजारांच्या जागी पंधरा गेले. संध्याकाळी कॅश पाच हजारांनी शॉर्ट. खिशातून भरले. मला त्या माणसाचा चेहरा आठवत होता, आणि तो परत येईल अशी मी महिनाभर वाट पाहिली. आला नाही. पुढे कित्येक वर्षं सगळ्या समाजाच्या नीतिमत्तेबद्दल मी जे काही बोलत असे, ते मुख्यतः त्या एका माणसाबद्दल असे.

खिडकीवर पाटी होती, 'काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी, नंतर तक्रार चालणार नाही.' ती पाटी त्यानेही वाचली असणार. नियमाप्रमाणे त्याचं काय चुकलं? आणि माझं तरी?

दुसऱ्या रात्री ठरवलं, आता कुणीही मागितली की खेळी परत द्यायची. पहिल्याच डावात एकाने घोडा फुकट दिला आणि परत मागितला. दिला. चार खेळ्यांनी हत्ती दिला, तोही परत मागितला. त्याचं बोट घसरत नव्हतं, बुद्धी घसरत होती! तरी दिला. मग त्याने मला मात केली आणि आभारही न मानता गेला.

म्हणजे बाही कुठली आणि हात कुठला, हे प्रत्येक वेळी आपणच ठरवायचं. काल पुन्हा एकाचा वजीर माझ्या उंटासमोर येऊन उभा राहिला, पाठोपाठ विनंती. हे बोट की बुद्धी? मी नीट न्याहाळू लागलो. आधीच्या खेळ्या आठवल्या, आजोबा आठवले, तो पंधरा हजारवाला आठवला. आतून सौ. म्हणाली, "अहो, झोपताय ना?"

"थांब गं, एक निकाल द्यायचाय," म्हणून पुन्हा पडद्याकडे पाहिलं तर माझं घड्याळ संपलं होतं.

सात गुण गेले.