यंत्राचा शब्द, आप्ताचा शब्द

धाडहून एस. टी.ने बुलढाण्याला कॉलेजात जाणारा एक मुलगा गेल्या एकादशीस हरिपाठानंतर माझ्यापाशी बसला. मोबाईलवर त्याने एक अभंग दाखवला. शेवटी तुकोबांची मुद्रा, यमक बिनचूक, अर्थही गोड. उद्याच्या कीर्तनास हाच घ्यावा, असे मनात आले. रात्री गाथा उघडली. सूची पाहिली, पाने चाळली; अभंग काही सापडेना. सकाळी विचारले तर म्हणतो, "बुवा, कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला म्हटलं, नामावर तुकाराम महाराजांचा अभंग दे. त्यानं दिला."

मी रागावलो. त्यावर तो शांतपणे बोलला, "तुम्हीबी मोठ्या महाराजांची छापील कीर्तनं पाठ करून सांगता ना? मग मी गृहपाठ यंत्राकडून लिहून घेतला तर चोरी कशी?"

खरे आहे. तरुणपणी दुसऱ्यांचे दृष्टांत मी आपले म्हणून खपवले आहेत. उसनवारी हेच पाप म्हटले, तर आधी आम्हां कीर्तनकारांनाच टाळ खाली ठेवावे लागतील.

पण न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानते ते आप्ताच्या. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगू इच्छिणारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून घरोघर पोचलेली ही यंत्रे अफाट लिखाणावरून शिकतात आणि एका शब्दापुढे बहुधा कोणता शब्द बसेल, याचा अदमास बांधतात. अदमास साधला तरी समाधान नाही, फसला तरी लाज नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती मिळवून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तेव्हा भेसळ करणारी माणसे होती, हातांनी लिहीत होती. आता एका रात्रीत हजार अभंग पडतील. ते निवडायला कोण बसणार?

तरी यंत्र फेकून दे, असे माझ्याने म्हणवले नाही. मराठी शाळेतून आलेली त्याच्या वर्गातली मुले इंग्रजी पुस्तकातला उतारा त्यालाच विचारतात. दहादा विचारले तरी ते खेकसत नाही, कोणी हसत नाही. आम्ही मात्र शास्त्रीबुवांना दुसऱ्यांदा विचारायला भीत होतो. एवढे श्रवण यंत्राने करवले तर बरेच झाले. पण उत्तरही त्याच्याकडूनच लिहवून घेतले, तर मनन केले कोणी? जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे पाठांतर ज्याचे त्यालाच करावे लागते.

मुलाने मोबाईलवरची मुद्रा पुसली आणि विचारले, "आता हा कुणाचा म्हणू?"

मला सांगता आले नाही. माझी गाथा मात्र तो घरी घेऊन गेला आहे. अजून परत आणलेली नाही.