मुका मार

“काही नाही, मुका मार आहे.” आमच्या सांगोल्याकडं हे वाक्य कुणाच्याही तोंडी असतं. गाडीवरून पडा नाहीतर बैलानं ढुशी देऊ दे. रक्त नाही, टाके नाहीत, म्हणजे काही नाही.

डॉक्टर त्याला ‘कंट्यूजन’ म्हणतात. कातडी शाबूत, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त तिथंच साकळलेलं. त्या शब्दाच्या मुळाशी कुटण्याचं लॅटिन क्रियापद आहे. कुटणं आलं की कुटणारा आला. आपल्या शब्दात मारच मुका, मारणाऱ्याचा पत्ता नाही.

तसा हा मार बोलतो. आधी तांबूस, मग काळानिळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, पुढं पिवळा, साधारण दोन आठवड्यांत गायब. (सावळ्या कातडीवर हे रंग नीट दिसत नाहीत, हा आणखी एक घोळ.) दंडावर निळा आणि मनगटावर पिवळा, असे दोन डाग एकदम दिसले, तर “काल पाय घसरला” एवढ्यानं भागत नाही.

डाळिंबाच्या तोडणीला आलेल्या एका मावशींच्या हातावर मी असेच दोन रंग बघितले. विचारलं.

“मुका मार हाय रं बाबा, जाईल,” म्हणत त्यांनी क्रेट उचलला. मलाही तो शब्द सोयीचाच वाटला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा मार बहुधा ‘साधी दुखापत’ ठरतो. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. (घरातल्या छळासाठी वेगळी कलमं आहेत, पण तिथवर पोचायला आधी कुणीतरी बोलावं लागतं.) ‘गंभीर’ ठरायला हाड मोडावं, दृष्टी जावी, किंवा 15 दिवस तीव्र वेदना असाव्यात, नेहमीची कामं करता येऊ नयेत. आधी हे दिवस 20 होते. मोजमाप लागतंच, मान्य. पण रोजगार बुडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या बाईचं ते येणंच तिच्या विरोधातला पुरावा ठरू शकतं, त्याचं काय? रजा परवडणाऱ्याची वेदना कागदावर जास्त भरते.

दुपारी मावशींच्या हातून एक डाळिंब निसटलं. सालीवर ओरखडाही नव्हता. तरी त्यांनी ते वेगळ्या क्रेटमध्ये टाकलं.

“चांगलं आहे की,” मी म्हणालो.

“आतनं काळं पडतंय. व्यापारी घेत न्हाई.”