देवाची नमुना सही

काउंटरवर चेक आला की मी त्याची सही नमुना सहीशी ताडून पाहतो. वीस वर्षांत एक गोष्ट कळली. खऱ्या माणसाची सही दर वेळी थोडी हलते. केसाइतकाही फरक नसेल, तर ती गिरवलेली तर नाही ना, अशी शंका घ्यावी. हे ज्ञान मी बँकेत वापरतो आणि घरी जाताना ड्रॉवरमध्ये ठेवून जातो.

गेल्या वर्षी ऑफिसरचं प्रमोशन निघालं. बदली लांबची. इकडे गंगाखेडला ऐंशीच्या घरातले अप्पा, नजर अधू. मी देवाला विचारायचं ठरवलं. म्हणजे निर्णय देवाचा आणि पगारवाढ माझी!

'घ्यावे' आणि 'नको' अशा दोन चिठ्ठ्या देवापुढे टाकल्या. धाकटीने उचलली. 'नको' निघाली. घडी नीट पडली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुन्हा टाकल्या. 'नको'. मग आपली आंघोळ राहिलीय, हे आठवलं. तिसऱ्यांदा 'घ्यावे' आली आणि मी मोठ्या भक्तिभावाने हात जोडले.

"बाबा, देवाला पहिल्यांदा ऐकू येत नाही का?" धाकटीने विचारलं.

आमच्या गंगाखेडची जनाबाई ज्यांच्या घरी राबली, त्या नामदेवांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य जेवायचा. तरी गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारून त्यांना कच्चं मडकं ठरवलं. मग ते औंढा नागनाथला गेले. (औंढा १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं.) तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. पाय काढा म्हटलं, तर म्हणाले, देव नसेल तिथे उचलून ठेव. तशी जागा काही सापडेना. देवाशी बोलणारा हा माणूस 'मला कळलं नव्हतं' म्हणत त्यांच्या पायाशी बसला. आणि मी दोन चिठ्ठ्यांच्या जोरावर देवाचा मुखत्यार झालो होतो!

शनिवारी गंगाखेडला जाऊन अप्पांना देवाचा निर्णय सांगितला.

"जायचं तर जा की," अप्पा म्हणाले. "पण तुला जायचंय म्हणून जा. देवाला कामून मधी घालतोस? उद्या मी पडलो-झडलो, तर तेही त्याच्याच नावे टाकशील."

तेव्हा कुठे सुचलं, की देवाला तीनदा विचारलं, पण यांना एकदाही नाही.

"अप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रात्री खांबाला हात लावत मोरीपर्यंत जातो. परवा खांब सापडला नाही."

मी प्रमोशन नाकारलं. पगाराच्या तारखेला अजून जीव हळहळतो. देवाची इच्छा हीच होती का, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझ्या इच्छेशी ती तंतोतंत जुळत नव्हती, एवढं खरं. सही जरा हललेली होती. म्हणूनच मी चेक पास केला.