चिंतन: दान देण्याआधी विचारलं का?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायलाच हवं म्हणून, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि अवेळी, अपात्री, किंवा घेणाऱ्याचा मान न राखता दिलेलं ते तामस. हा तिसरा प्रकार वाचताना मला नेहमी वाटायचं, हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे. आपण कुठे कुणाचा अपमान करतो?

या जानेवारीत ऑफिसमधले आम्ही पंधरा-सोळा जण मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये चाललो. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. पळणारे कमी, गप्पा मारत चालणारे जास्त. या निमित्ताने अनेक संस्थांसाठी निधी जमतो. आमच्या टीमने विदर्भातली आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबं निवडली होती. "तू यवतमाळचा ना? मग हा बोर्ड तूच धर," म्हणत कुणीतरी माझ्या हातात फलक दिला. फोटो निघाले. सगळे हसले, मीही हसलो.

आणि काकू आठवली. दोन वर्षांपूर्वी माझे काका तसेच गेले. ऑफिसमध्ये हे कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून मी दर महिन्याला काकूला मोबाइलवरून पैसे पाठवतो. पण तेरावं झाल्यावर गावी पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दारव्ह्याची वाट धरली. काकू शेतात होती, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत. मला पाहून म्हणाली, "इतक्या दिसानं आठवण आली का रे बाप्पा?" संध्याकाळी तिने पेटीतून सातबारा काढला. जमीन अजून काकांच्याच नावावर. वारस नोंद राहूनच गेली होती, म्हणून पीककर्जही मिळत नव्हतं; बियाणं, खत सगळं उधारीवर. "तू पैसे पाठवते, ते पुरवून पुरवून वापरतो मी. पण ह्या कागदाचं कोणाले विचारू?"

दिवसभर लोकांचे ऑनलाइन अर्ज नीट चालावेत म्हणून कोड लिहिणारा मी! दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, काकू, तुला काय हवंय? पैसे गेल्याचा मेसेज आला की माझ्यापुरतं काम संपायचं. घेणाऱ्याचा मान न राखणं म्हणतात ते हेच असावं. त्यासाठी वाईट बोलावंच लागतं असं नाही.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले, पवनारचे विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पोहोचले. तिथल्या भूमिहीनांना त्यांनी आधी विचारलं, तुमची गरज काय? उत्तर आलं, ८० एकर जमीन. मग सभेत विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी १०० एकर द्यायला उभे राहिले. भूदान तिथून सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं विनोबा गावोगाव पायी फिरले. पण त्या दानाच्या आधी एक प्रश्न होता, आणि तो घेणाऱ्याला विचारला होता.

रविवारी काकूजवळ बसून मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, सगळं जमवलं आणि अर्ज भरला. नोंद व्हायला वेळ लागेल. निघताना तिने गाठोडंभर तुरीची डाळ बांधून दिली. नको म्हणणार होतो, मग गप्प घेतली. देण्याचा मान तिलाही हवाच ना.

ड्रीम रनला नावं ठेवायची नाहीत मला. ते चालणं झालं नसतं तर मी गावी गेलोच नसतो. पुढच्या वर्षीही चालेन. फक्त फलक हातात घेण्याआधी काकूला फोन करेन.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, जिथे पैसे पोहोचतात पण तुम्ही पोहोचत नाही, तर आज एवढंच विचारा: तुला काय हवंय? आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

पांडुरंगा, हाताला देणं दिलंस, आता कानाला ऐकणं दे.

राम कृष्ण हरी.